लाव्ह्याखालची जमीन

हिंगोलीजवळ कयाधूच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. भूशास्त्राच्या नकाशावर मात्र या गावाला वेगळी ओळख नाही. दख्खनच्या लाव्ह्याचा जो एक सलग रंग नाशिकपासून नागपूरच्या अलीकडेपर्यंत पसरलेला दिसतो, त्यातच तेही बुडून गेले आहे. इथे विहीर खणायला घेतली की काळी माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण आणि पुन्हा मांजऱ्या असाच क्रम लागतो. हा सारा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढत गेला. पण तो ओतला गेला तेव्हा खाली काय होते? समुद्राचा तळ, खाडीचा किनारा, की कोरडे माळरान? या प्रश्नाचा पाठपुरावा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्याचे उत्तर एकदा नव्हे, दोनदा फिरले. नवी हाडे किंवा नवे शंख सापडले की उत्तर फिरते, अशी सर्वसाधारण समजूत असते. इथली मोठी उलथापालथ तशी झाली नाही. ज्या खडकांवर आधी अनेकांनी हातोडा चालवला होता, त्यांच्याच रचना पुन्हा वाचल्या गेल्या. म्हणून हा इतिहास मुख्यतः गाळाच्या खडकांची रचना वाचण्याच्या विद्येचा आहे. ती विद्या भरवशाची आहे. पण सुटी एक रचना हाती धरून निवाडा केला तर फसवणारीही आहे.

सुरुवात जीवाश्मांपासूनच झाली. मद्रास फौजेतला डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन याने हैदराबाद-नागपूर रस्त्यावर, निर्मळच्या डोंगररांगांत, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडलेले गाळाचे तुकडे लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे १८३७ साली मांडले. हा लेख १८४० साली छापून आला. त्यातला सर्वांत गाजलेला जीव म्हणजे डाव्या बाजूला वळण घेणारा गोड्या पाण्यातला शंख. त्याला जेम्स प्रिन्सेपच्या नावावरून फायसा प्रिन्सेपी म्हटले गेले. पुढे नागपूरच्या स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी टाकळीच्या परिसरातून शंख, शिंपले, मासे, बिया आणि कीटकांचे अवशेष गोळा केले आणि १८५५ मध्ये नागपूरच्या भूरचनेवर विस्तृत लेख लिहिला. हिस्लॉप १८६३ साली नागपूरजवळ पूर आलेला ओढा ओलांडताना बुडाले. त्यांच्या मागे राहिलेला संग्रह आणि टिपणे पुढच्या संशोधकांना पुरली. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या या गाळाविषयी तेव्हापासून फारसा वाद उरला नाही. गोड्या पाण्यातला शंख म्हणजे तळे, इतके उघड होते. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्डने १८६७ मध्ये लाव्हा उघड्या जमिनीवर पसरला आणि त्याने ओढे-नाले अडवल्यामुळे अशी लहान तळी तयार झाली, हे मत जोराने मांडले. खरी अडचण लाव्ह्याच्या तळाशी असलेल्या गाळाची होती. जबलपूरच्या लमेटा घाटावरून मेडलिकॉटने १८६० मध्ये ज्याला लमेटा नाव दिले, तो चुनखडक, वालुकाश्म आणि चिकणमातीचा जुडगा नागपूर-चंद्रपूरकडेही उघडा पडतो. त्यात डायनोसॉरची हाडे होती. जबलपूरची हाडे तर स्लीमनने १८२८ मध्येच उचलली होती. पण हाड वाहून येऊ शकते. जमिनीवर मेलेला प्राणी नदीने समुद्रात नेऊन टाकला असे म्हणायला कुणाला अटकाव नव्हता. म्हणून तो प्राणी जिथे पुरला गेला, ती जागा कसली होती हे सांगायला हाड पुरेसे पडले नाही.

ते सांगू शकते खडकाची रचना, कारण रचना वाहून येत नाही; ती जिथे दिसते तिथेच घडलेली असते. ही विद्या खरी तापून निघाली पठारावर नव्हे, घड्या पडलेल्या पर्वतांत. पर्वतरांगेत थर उभे राहतात, कलंडतात, कधी पूर्ण उलथेही होतात. त्यामुळे तिथला पहिला प्रश्न ‘हे पर्यावरण कोणते’ हा नसतो. वरची बाजू कोणती, हा असतो. त्याचे उत्तर चिखलाच्या भेगा देतात, कारण त्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात. तिरकस थर देतात, कारण त्यांची वरची टोके पुढच्या प्रवाहाने कापून टाकलेली असतात आणि खालची टोके मात्र हलकी वक्र होऊन तळाला मिळतात. लाटांचे वळे देतात, कारण त्यांचे शेंडे टोकदार आणि खळगे गोलसर असतात. एका थरात खाली जाडी वाळू आणि वर बारीक गाळ असेल तर तोही दिशा सांगतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एडवर्ड बेली अनेक वर्षे नकाशा करत होता. नॉर्वेचा थोरॉल्फ व्होग्ट आणि कॅनडाचा टँटन यांनी तिथल्या खडकांत हीच चिन्हे दाखवल्यावर, आपण ज्या काही ठिकाणी वर-खाली ठरवले होते ते उलटे आहे, हे त्याने १९३० मध्ये जाहीरपणे मान्य केले. त्याच लेखात त्याने आणखी एक गोष्ट टिपली, जी आपल्या कथेला अधिक महत्त्वाची आहे. तिरकस थरांचे वालुकाश्म आणि खाली जाड-वर बारीक अशा प्रतवारीच्या थरांचे वालुकाश्म सहसा एकत्र सापडत नाहीत. म्हणजे ही चिन्हे नुसती दिशादर्शक नसून दोन वेगळ्या जागांची साक्ष देतात. क्यूनन आणि मिग्लिओरिनी यांनी १९५० मध्ये त्याचे कारण दाखवले: खोल पाण्यात उतारावरून धावणारा गढूळ प्रवाह थांबत गेला की जड कण आधी आणि हलके नंतर बसतात. वर-खाली ओळखायची खूण अशी पर्यावरण ओळखायची खूण झाली. महाराष्ट्राच्या वाट्यालाही एक झिजलेला पर्वतपट्टा आला आहे. रामटेकच्या उत्तरेला देवलापारजवळ डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये आडव्या पडलेल्या, एकावर एक सरकलेल्या खडकांची रचना मांडली. पण सौसर गटाचा चुनखडक तिथे तापून-दाबून संगमरवर झाला आहे. मूळ गाळाची चिन्हे अशा खडकात जागोजाग पुसट होतात आणि वाचणाऱ्याच्या हाती थोडेच लागते.

दख्खनच्या पठारावर उलट परिस्थिती आहे. इथे थर जवळजवळ आडवेच राहिले, वर-खालीचा प्रश्नच नाही, आणि लमेटाचा गाळ तुलनेने कमी बिघडला. त्यामुळे पर्वतांत घडलेली विद्या इथे थेट दुसऱ्या, म्हणजे पर्यावरणाच्या प्रश्नावर लावता आली. १९६० आणि १९७० च्या दशकांत लमेटाचा गाळ सागरी आहे हे मत बळकट झाले. त्याची सर्वांत तयारीची मांडणी लखनौ विद्यापीठाच्या इंद्रवीर सिंग यांनी १९८१ मध्ये केली. जर्मनीचे राइनेक यांच्यासह त्यांनी १९७३ मध्ये लिहिलेला गाळाच्या पर्यावरणांवरचा ग्रंथ जगभरच्या अभ्यासकांच्या मेजावर होता; भरती-ओहोटीच्या चिखलमैदानात कोणती रचना कशी घडते, हे त्यांच्याइतके जाणणारे भारतात फार थोडे असतील. त्यांना जबलपूरच्या वालुकाश्मात एकमेकांच्या उलट दिशांना झुकलेले तिरकस थर दिसले, चुनखडकात बारीक पापुद्रे आणि शैवालाच्या चटया, आणि डागाळलेल्या गाठींच्या थरात फांद्या फुटलेली नळकांडी. उलटसुलट तिरकस थर म्हणजे भरती आणि ओहोटी, पापुद्रे म्हणजे भरतीचा सपाट किनारा, नळकांडी म्हणजे खेकड्यांसारख्या प्राण्यांची बिळे. एकेक खूण घेतली तर तर्क सयुक्तिक होता. मला वाटते, इथेच एक अवघड गोष्ट घडली. वाचणाऱ्याची नजर जितकी एका किनाऱ्यावर तयार झालेली, तितका तोच किनारा तिला खडकात आधी दिसतो. हा दोष ज्ञानाच्या उणिवेतून येत नाही. ज्ञान एका जागी दाट साठल्यावर तो येतो.

१९८७ मध्ये कॅनडाचे मायकेल ब्रुकफील्ड आणि चंदीगडचे अशोक साहनी यांनी हाच गाळ निमकोरड्या प्रदेशातल्या नदीच्या मैदानाचा आहे आणि त्यातला बराच भाग तर जुन्या मातीचा आहे, असे मांडले. नंतर दिल्लीचे एस. के. टंडन आणि त्यांचे सहकारी चुनखडकाच्या प्रत्येक थराची बारकाईने पाहणी करत त्याच दिशेने गेले. त्यांनी काय पाहिले हे जवळून पाहण्यासारखे आहे. चुन्याच्या गाठी खालच्या बाजूला विरळ आणि सुट्या आहेत. वर जाताना त्या दाटतात, एकमेकींना चिकटतात, आणि शेवटी सलग टणक पाटी तयार होते. ही पाटी वरून अचानक तुटते, पण खालून हळूहळू मातीत विरघळत जाते. पाण्यात साचलेला चुनखडक असा नसतो; तो खालूनही तितकाच ठळकपणे सुरू होतो. गाठींना आतून उकलल्यासारख्या भेगा आहेत आणि त्यांत स्वच्छ चुन्याचे स्फटिक भरले आहेत, म्हणजे जमीन वारंवार ओली होऊन वाळत होती. काही पाट्या जागच्या जागी फुटून पुन्हा सांधल्या गेल्या आहेत. तुकडे वाहून गेलेले नाहीत. तांबडे-हिरवट डाग पाणी चढण्या-उतरण्याचे आहेत. आणि ज्या नळकांड्यांना बिळे म्हटले होते, त्यांतली पुष्कळशी खाली जाताना निमुळती होतात आणि फाट्यांना आणखी बारीक फाटे फुटतात. बिळाची रुंदी प्राण्याच्या अंगाएवढीच राहते. निमुळते होते ते झाडाचे मूळ. मराठवाड्यात काळ्या जमिनीत हात-दोन हात खाली जी चुनखडी लागते आणि जिच्यामुळे मोसंबी पिवळी पडते, ती याच प्रक्रियेने आजही तयार होत असते: पावसाचे पाणी चुना घेऊन खाली जाते, उन्हाळ्यात ते उडून जाते आणि चुना मागे राहतो. लमेटाच्या चुनखडकाचा मोठा भाग म्हणजे अशाच चुनखडीचे दगड झालेले रूप.

यावर एक आक्षेप लगेच येतो: एका पिढीने भरती पाहिली, दुसरीने माती पाहिली, मग ही नुसती बदललेली फॅशन कशावरून नाही? भरतीच्या मैदानावरही चिखल उघडा पडतो, वाळतो, भेगाळतो. हा आक्षेप हलका नाही, पण त्याला उत्तर आहे. भरतीचे मैदान काही तास किंवा काही दिवस उघडे राहते. चुन्याची सलग पाटी जमून यायला हजारो वर्षे जमीन पाण्याबाहेर असावी लागते, आणि लमेटात अशा पाट्या एकीवर एक आहेत. उलट दिशांच्या तिरकस थरांची गोष्टही तशीच. वाहत्या नदीतली वाळूची पन्हळासारखी खोलगट खोरी खडकाच्या उघड्या भिंतीत आडवी कापली गेली की त्यांचे थर डावीकडे आणि उजवीकडे झुकलेले दिसतात, आणि पाहणाऱ्याला भरती-ओहोटीचा भास होतो. म्हणजे सागरी अर्थ लावणाऱ्याला वालुकाश्माचा खुलासा करता येतो, पण चुन्याच्या पाट्यांचा करता येत नाही. भूमीचा अर्थ लावणाऱ्याला दोन्हींचा करता येतो. दोन मतांपैकी कोणते धरावे हे अशा वेळी खुणांच्या संख्येवरून ठरत नाही. कोणती खूण दुसऱ्या पर्यावरणात घडूच शकत नाही, यावरून ठरते.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याने आणि नंद-डोंगरगावच्या गाळाने हा निकाल पक्का केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या लमेटाच्या गाळाचे जीवाश्म आणि रचना एकत्र मांडून तो सागरी नसल्याचे दाखवले: नदीची पात्रे, पुरात बुडणारी मैदाने आणि मधली तळी. डोंगरगावच्याच थरांतून मिळालेल्या सांगाड्यावरून कोलकात्याच्या जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये एका लांब मानेच्या डायनोसॉरचे वर्णन केले. आज त्याला आयसिसॉरस म्हणतात. हिस्लॉपच्या काळापासून पिसदुऱ्याच्या शेतांत सापडत आलेल्या दगडी शेणाच्या गोळ्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण आहेत, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गवत इतके जुने असू शकते याचा जगभर गाजावाजा झाला. तो शोध मोठाच. पण ही जागा माळरानाची होती हे दगडी शेणात गवत सापडण्याच्या आधीच माती आणि पात्रांच्या रचनेने ठरवलेले होते. गवताने त्या माळरानावर काय उगवत होते एवढे सांगितले.

इथे दुसरा आक्षेप मराठवाड्याच्या बाजूने येतो. जबलपूर आणि चंद्रपूर या लाव्ह्याच्या कडा आहेत; तिथे लाव्हा संपतो म्हणून खालचा गाळ उघडा पडतो. हिंगोली, परभणी, लातूर या भागांत तो दिसतच नाही. कडेवरून मधल्या प्रदेशाचा निवाडा कसा करायचा? १९९३ च्या किल्लारी भूकंपाने याचे अनपेक्षित उत्तर पुरवले. भूकंपानंतर तिथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल विंधणाने ३३८ मीटर लाव्हा ओलांडला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळ लागला आणि त्यानंतर थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक. पश्चिमेला कोयनेच्या परिसरात रासाटी येथे सुमारे ९३० मीटर लाव्ह्याखाली ग्रॅनाइटच लागला. मध्ये गाळ नाहीच. या दोन विंधणांचा अर्थ मला असा दिसतो: खाली सलग सागरी गाळाची चादर असती तर ती एका ठिकाणी ८ मीटर आणि दुसऱ्या ठिकाणी शून्य अशी फाटकी सापडण्याचे कारण नाही. नंतर झीज होऊन ती गेली असे म्हणता येईल. पण झीज होण्यासाठीही ती जमीन आधी पाण्याबाहेर यावी लागते, म्हणजे लाव्हा येण्याच्या वेळी ती जमीनच होती, हे पुन्हा मान्य करावे लागते. लाव्ह्याच्या आतूनही हीच साक्ष मिळते. पाण्यात शिरलेला लाव्हा उशांच्या ढिगासारखा गोठतो. मुंबईत तसे नमुने आहेत आणि ते तिथल्या उथळ पाण्याशी जुळतात. मराठवाड्याच्या विहिरींत मात्र दोन पाषाणांच्या मध्ये तांबडा मातकट पट्टा लागतो. त्यातले काही पट्टे ज्वालामुखीच्या राखेतून बदलून आले असावेत, सगळेच माती नसावेत, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि ते रास्त आहे. मात्र ज्या पट्ट्याचा तळ खालच्या कुजलेल्या पाषाणात मिसळत जातो आणि माथा वरच्या लाव्ह्याने भाजून काढल्यासारखा सरळ कापलेला असतो, त्याचे घडणे लमेटाच्या पाट्यांसारखेच वरून खाली झाले आहे. राख पडते ती वरून. तिचा तळ असा विरघळत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप २००९ मध्ये आला, आणि तो जीवाश्मांकडूनच आला. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात गेर्टा केलर, मोहबे, सुनील बाजपेयी, अशोक साहनी आदींना समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे सापडली. डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या या जाती किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत कशा, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर असे की नर्मदा-तापीच्या खोलगट पट्ट्यातून पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आत आला असावा. साहनींचे नाव दोन्हीकडे आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. जबलपूरला माती वाचणाऱ्यांनीच झिलमिलीला खारे पाणी मान्य केले. तरीही सागरी पक्षाचा हा उशिराचा विजय म्हणता येत नाही, कारण याच लेखात झिलमिलीचा बहुतेक गाळ जमिनीचा, जुन्या मातीचा आहे असे रचनेवरूनच नोंदवले आहे. आधी तळी आणि डबकी, मग मीटरभराहूनही कमी जाडीची खारट-सागरी पट्टी, आणि वर पुन्हा माती. हा गाळ लाव्ह्याच्या खालचा नाही. बराच लाव्हा ओतून झाल्यावर त्याच्या खाचेत साचलेला आहे. म्हणून लमेटाच्या माळरानाच्या निष्कर्षाला तो बाधत नाही. त्या माळरानावर लाव्हा पसरल्यानंतर काही काळ समुद्र किती आत शिरला, एवढाच नवा प्रश्न तो उभा करतो. कवचे सापडली म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर संपत नाही. समुद्राचा फाटा खरोखर नर्मदा-तापीतून आला असेल तर त्या वाटेवरच्या लाव्ह्यामधल्या गाळात भरती-ओहोटीचे जोडथर आणि वाळू-चिखलाच्या आळीपाळीच्या पट्ट्या कुठे तरी राहिल्या असल्या पाहिजेत. सिंग यांनी जबलपूरला ज्या चिन्हांचा शोध घेतला होता, ती चिन्हे शोधायची जागा आता जबलपूर नाही. छिंदवाड्यापासून खानदेशापर्यंतच्या दोन लाव्ह्यांमधले अरुंद पट्टे ही आहे.